रक्त परत आले त्या दिवशी

हे सगळे घडले ते साल दोन हजार तेवीस आणि महिना जानेवारीचा. नाताळ उतरला होता आणि गावठाणात लग्नाचे मांडव चढायला लागले होते. त्या साली मी बहात्तर वर्षांची झाले होते. मित्रांनो, मी एक जुनी आतडी आहे. अंधेरी पूर्वेच्या मरोळ गावठाणात राहणाऱ्या एमिलियाच्या पोटातली. छत्रीचे, फळ्याचे, घड्याळाचे मनोगत तुम्ही शाळेत लिहिले असेल. आतडीचे कुणी लिहायला सांगत नाही. पोटात आहोत तोवर आमची आठवण कुणाला होत नाही, आणि होते तेव्हा उशीर झालेला असतो.

माझी लांबी एमिलियाच्या उंचीच्या चौपट. पेटीत लुगड्याची घडी ठेवावी तशी मी चुण्या घालून तिच्या पोटात बसले होते. आतून मला मखमलीसारखी लव आहे. ती लव अन्नातला कस टिपून घेते. तिच्यावरचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी झिजते आणि मी ते नवे विणते. असे मी जन्मापासून विणत आले. एका दिवसाची सुट्टी मी कधी घेतली नाही, आणि मागितलीही नाही.

माझ्या भिंतीत निरोप्ये राहतात. प्रथिनांच्या मण्यांची एवढी एवढी माळ असावी तसे एकेक. डॉक्टर त्यांना पेप्टाइड म्हणतात. एक निरोप्या चरबीचे जेवण आले की पित्ताच्या पिशवीला जाऊन सांगतो, 'सोड गं, आता लागेल.' एक फार शांत स्वभावाचा आहे. तो रक्तवाहिन्यांना सांगतो, 'सैल व्हा, रक्त येऊ द्या,' आणि रक्तातल्या शिपायांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना म्हणतो, 'उगाच काठ्या काढू नका.' काही तापट आहेत. जरा खुट्ट झाले की 'चोर, चोर' म्हणून गाव गोळा करतात. तेही लागतात, मित्रांनो. चोर कधी खरेच येतो. आणि माझ्या अगदी शेवटच्या टोकाला एक राहायचा, तो माझा सर्वांत लाडका. त्याचा निरोप एकच असे, 'विण. जे झिजले ते परत विण.'

एमिलियाचे लहानपण माझ्याइतके कुणाला आठवत नसेल. मरोळला तेव्हा भातशेती होती. आज जिथे काचेच्या कंपन्या उभ्या आहेत तिथे तिची आई गुडघाभर चिखलात लावणी करायची आणि ही बांधावर बसून मीठ लावून कैऱ्या खायची. मी रात्रभर कुरकुरायचे. मग रेशनवर ती तांबडी मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळू लागली. तिच्या भाकरीने साऱ्या गावठाणाची पोटे धरली होती. सुके बोंबील, तांदळाची भाकरी, पावसात भाजलेली फणसाची बी, मे महिन्यात कुटलेल्या मसाल्याची आग, सगळे माझ्या हातून गेले. पुढे तिचे त्याच गावठाणात अर्बनशी लग्न झाले. अर्बनची धाकटी बहीण जेनेव्हिव्ह तेव्हा परकरी पोर होती. तिला एमिलियाने स्वतःच्या हाताने भरवून मोठे केले. अर्बन लवकर गेला. मुलगा नेल्सन हाताशी आला. आणि एमिलिया हळूहळू गावठाणाची लग्नाची स्वयंपाकीण झाली. डुकराच्या मटणाचे सोरपोतेल करावे तर एमिलियानेच, असे मालाड-वसईपर्यंत म्हणत. लोक तिच्या हाताचे कौतुक करत, जिभेचे करत. मी आपली आत घडी घालून ऐकत असे. मलाही बरे वाटायचे.

त्या सालाच्या आधीपासून तिचे हृदय ताल चुकवू लागले होते. डॉक्टरांनी तिला रक्त पातळ ठेवायची गोळी लावून दिली. "हृदय नुसतं थरथरतं, त्यात रक्त साकळतं," त्यांनी बजावले होते. "गुठळी झाली आणि सुटली, तर कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. गोळी चुकवायची नाही." एमिलिया चुकवत नव्हती. त्या गोळीच्या धाग्यावर मी जगत होते, हे मला तेव्हा कळले नव्हते.

मग जेनेव्हिव्हच्या मुलीचे, ॲश्लीचे लग्न ठरले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात अंगणात बायका जमल्या. कांद्याचे ढीग, लसणाचे ढीग. पलीकडच्या चाळीतली सुगंधाही आली होती. ती कोकणातली, मालवणकडची. तिचा नवरा धोंडू गिरणीत होता, गिरणी गेल्यावर रखवालदार झाला. एमिलियाची आणि तिची मैत्री पार पाण्याच्या नळावरच्या भांडणातून सुरू झालेली. डुकराचे मटण ती खात नसे, पण गावठाणातले एक लग्न तिने चुकवले नव्हते.

"सुगंधा, देव रागवेल हां तुझा," कुणीतरी चिडवले.

"लसूण सोलूक धर्म आड येणा नाय," सुगंधा म्हणाली. "तुमी खावा, मी सोलतंय. देवाक पण वास आवडता."

बायका हसत होत्या आणि एमिलिया विळीवर नारळ खवून झाल्यावर कांदा चिरत होती. हात सटकला. बोटाला एवढीशी जखम झाली. पण रक्त पातळ केलेले. ते थांबेना. तिने बोट तोंडात धरले, हळद लावली, फडके गुंडाळले, तरी ते फडक्यातून आलेच. शेजारी परातीत फुग्यांचे, म्हणजे लग्नात तळतात त्या गोल पावांचे, पीठ भिजवलेले होते. नारळाचे दूध, अंडी घालून मळलेले, लग्नाचे पहिले पीठ. त्यात दोन थेंब पडले.

"वहिनी!" जेनेव्हिव्ह ओरडली. "पिठात रक्त? ॲश्लीच्या लग्नाच्या पिठात?"

"दोन थेंब गं जेनू. वरचं काढून टाकते."

"दोन असो नाहीतर वीस. हे जाणार उकिरड्यावर. पहिल्याच पिठाला रक्त लागलं, लोक काय बोलतील?"

"एमिलिया, बीएमसीला फोन लाव," एक म्हातारी म्हणाली. "बोटाचा नळ गळतोय म्हणून सांग."

सगळ्या हसल्या. एमिलियाही हसली. तेव्हा जेनेव्हिव्ह परात उचलता उचलता म्हणाली, "तू आता खुर्चीवर बस, वहिनी. मीठ-मसाला किती ते नुसतं तोंडाने सांग. हात लावू नको."

जेनेव्हिव्ह वाईट बाई नव्हती, मित्रांनो. लग्नघरची आई होती, धसकली होती. पण 'हात लावू नको' हे शब्द एमिलियाला आयुष्यात कुणी म्हटले नव्हते. तिचा चेहरा हसरा राहिला, मी मात्र आतून आवळले गेले. माणसाची लाज आधी पोटात येते.

त्या दिवसापासून तिने गोळी बंद केली.

सुगंधाच्या ते लक्षात आले. ती चहाला आली होती. "गोळी घेतलंस?" तिने विचारले.

"लग्न होईपर्यंत नाय घेत."

"अगो, डॉक्टराक इचारलंस काय?"

"डॉक्टर येणार हाय का कांदा चिरायला? चार दिवसांनी काय होतं गं. मना खुर्चीवर बसून लग्न नाय करायचं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "नेल्सनला बोलू नको. तुला धोंडूची शपथ."

"शपथ कित्याक घालतंस गो माका?" सुगंधा पुटपुटली. पण गप्प बसली.

बोट भरून आले. पुढच्या कापाला रक्त फुंकरीत थांबले. एमिलिया खूश झाली. जेनेव्हिव्हच्या डोळ्यांदेखत तिने सगळे मटण स्वतः बारीक चिरले, मसाला स्वतः लावला, आणि नवे पीठही स्वतःच मळले. जेनेव्हिव्हने परात तिच्यापुढे सरकवून दिली. बहुधा तिला बरेच वाटले असेल. आणि तिकडे वर, थरथरत्या हृदयाच्या एका कोपऱ्यात, रक्त साकळत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी असते. बँड लावून, लुगडी नेसून बायका विहिरीवर जातात, गाणी म्हणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. एमिलिया पुढे होती. विहिरीच्या कठड्याला टेकून ती वरच्या सुरात गाणे म्हणत असताना ती गुठळी सुटली. मला रक्त आणणारी एक मोठी वाहिनी आहे. तिच्या तोंडाशी गुठळी येऊन बसली. बूच बसावे तशी.

पहिल्यांदा मला फक्त एक शांतता जाणवली. कायम वाहणारे काहीतरी थांबले. मग सगळीकडून, प्रत्येक चुणीतून, प्रत्येक लवेतून एकदमच हाक आली. हवा नाही. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. मी पिळले, आवळले, ओरडले. एमिलिया पोट धरून कठड्यावर बसली. बँड वाजतच होता.

"काय झालं गं वहिनी?"

"काय नाय. वायू असेल. तुमी पाणी काढा."

तिचा चेहरा पाहून जेनेव्हिव्हने तिला घरी आणले आणि चटईवर निजवले. जेनेव्हिव्हच्या हाताला गुण होता. गावठाणात कुणाची बेंबी सरकली की तिलाच बोलवत. ती कोमट खोबरेल लावून पोट चोळी आणि माणूस उठून कामाला लागे. तिने एमिलियाच्या पोटावर हात ठेवला.

"पोट तर लोण्यासारखं मऊ हाय," ती म्हणाली. "सकाळपासून एवढे एवढे टोप उचलतेस. बेंबी सरकलीय, दुसरं काय."

पोट मऊ होते ते खरे. आमचे हे दुखणे तसेच असते. वरून मऊ आणि आतून जीव जातो. जेनेव्हिव्ह प्रेमाने चोळत राहिली. मी श्वासाविना पडून होते. हळूहळू कळ कमी होऊ लागली. एमिलियाने डोळे उघडले.

"बघ, बसली जागेवर!" जेनेव्हिव्हने आनंदाने कपाळावरचा घाम पुसला. "उठ आता. उद्या नाचायचं हाय तुला."

कळ कमी झाली, कारण मी बधिर होत चालले होते. ओरडणारे थकले होते. घरात कुणाला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या आणि शौचावाटे रक्त पडले, तेव्हा नेल्सनने रिक्षा आणली. नेल्सन सहारला विमानतळाच्या मालगोदामात काम करतो. स्वभावाने शांत, पण त्या दिवशी रिक्षावाल्याशी भांडलाच. सुगंधा पाण्याची बाटली घेऊन मागच्या मागे आली. रुग्णालयात ऋता नावाच्या तरुण शल्यचिकित्सक होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिले, नाडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना?"

"हो, रोज," नेल्सन म्हणाला. "मम्मी एक दिवस चुकवत नाय."

एमिलियाने डोळे मिटून घेतले. ऋता डॉक्टर विचारात पडल्या. गोळी चालू असेल तर गुठळीची शंका मागे पडते. मग त्या दुसरे काय काय विचारू लागल्या. काल काय खाल्ले, पित्ताचे खडे आहेत का. दर प्रश्नागणिक माझी एकेक चुणी काळवंडत होती.

दारातून सुगंधा म्हणाली, "घेणा नाय हा ती."

"सुगंधा!" एमिलिया कण्हली.

"गप रव तू. बाई, तिना गोळी बंद केल्यान हा. लग्नासाठी. बोटाचा रगात थांबना नाय म्हणान." ती रडत होती. "शपथ मोडली तर माजा काय वायट होवचा ता होवंदे."

नेल्सनने आईकडे पाहिले. "मम्मी?" एवढेच म्हणाला. एमिलियाने मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर धावपळ झाली. फोटो काढले, सह्या घेतल्या, तिला आत नेले. ऋता डॉक्टरांनी पोट उघडले आणि बहात्तर वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी पाहिले. मी जांभळी, निस्तेज, गार पडले होते. त्यांनी ती वाहिनी शोधली, उघडली आणि गुठळी ओढून काढली.

रक्त आले.

मित्रांनो, ते कसे आले हे मी तुम्हाला कसे सांगू. गरम, लाल, धो धो. माझ्या जांभळ्या अंगावर गुलाबी लाटा उठल्या. "बघा, गुलाबी होतंय," ऋता डॉक्टर म्हणाल्या, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी श्वास सोडला. मलाही वाटले, वाचले.

बाहेर येऊन त्यांनी नेल्सनला बाजूला घेतले. "रक्त सुरू झालंय. पण ऐका. तुमच्याकडे पाणीकपात होते ना?"

"होते ना. आठवड्याला असतेच."

"नळ परत सुरू होतो तेव्हा पहिलं पाणी कसं येतं?"

"गढूळ, गंजाचं. नळ ठोके देतो, फुसफुसतो."

"आणि पाईप जुना असला तर?"

"फुटतो," नेल्सन म्हणाला.

"तसंच असतं हे. रक्त बंद असताना झालेलं नुकसान एक, आणि रक्त परत आल्यावर होतं ते दुसरं. आता पुढचे दोन दिवस खरे. आम्ही परत एकदा पोट उघडून बघू."

नेल्सनने मान हलवली. पण मनात उरले ते एकच वाक्य. त्याने घरी फोन लावला आणि म्हणाला, "आन्टी, रक्त चालू झालं!" तिकडे जेनेव्हिव्ह फोनवरच रडायला लागली. ॲश्ली म्हणत होती, लग्न पुढे ढकलू या. सकाळी एमिलिया अर्धवट शुद्धीत आली तेव्हा नेल्सनने तिला विचारले.

"थांबवायचं नाय," ती पुटपुटली. "एवढं सोरपोतेल केलं मी. मुरलंय आता. वाढायचं."

म्हणून लग्न झाले.

आता आत काय चालले होते ते ऐका. उपाशी घरात एकदम जेवण आले की घरचे लोक तुटून पडतात. माझ्या पेशी इतका वेळ हवेविना कशाबशा तग धरून होत्या. रक्ताबरोबर हवा आली, आणि ती हवाच आत पेटली. ज्या चुणीला आधी रक्त पोचले ती चुणी आधी जळू लागली. भिंतीतले तापट निरोप्ये जागे झाले. 'चोर, चोर!' पण चोर कुठेच नव्हता. ते आमचे स्वतःचे रक्त होते, घरी परत आलेले. निरोप्यांना ते कोण सांगणार? त्यांनी हाळी घातली आणि शिपाई हजारोंनी आत घुसले. त्यांना जो समोर दिसेल तो चोर. त्यांनी माझीच लव उपटली. एका निरोप्याने तर बारीक रक्तवाहिन्यांना 'आवळा, आवळा' असे सांगितले, म्हणजे आलेले रक्तही पुन्हा अडले.

माझा तो शांत निरोप्या सांगत फिरत होता. 'थांबा, हे आपलेच आहे. सैल व्हा.' मी त्याचा आवाज ऐकला. पण त्या गर्दीत एकट्याचा आवाज किती पुरणार? आणि माझा लाडका, 'विण, विण' म्हणणारा, तो माझ्या शेवटच्या टोकाच्या अस्तरात राहत असे. तिथेच आग सर्वांत जास्त होती. ज्या घरातून दुरुस्तीचा निरोप निघायचा तेच घर जळत होते. मी त्याची वाट पाहत राहिले. त्याचा निरोप क्षीण होत गेला आणि मग आलाच नाही.

अस्तर गेले, दार उघडे पडले. आजवर मी ज्या जंतूंना आत कोंडून ठेवले होते ते रक्तात उतरले. एमिलियाला ताप भरला. श्वास लागला, कारण ते खवळलेले शिपाई रक्तातून वाहत तिच्या फुफ्फुसातही गेले होते.

त्याच वेळी नेल्सन लग्नाचे कपडे घालून तिच्या खाटेशी आला होता. नर्सने त्याला थोडा वेळ आत सोडले. त्याने फोन तिच्या कानाला लावला. "ऐक मम्मी, मांडवात नाचतायत. बँड ऐकू येतो?" फोनमध्ये ढोल, ट्रम्पेट, बायकांचे गाणे. मग जेनेव्हिव्हचा आवाज, "वहिनी, तुझ्या सोरपोतेलचा टोप पुसून खाल्ला गं लोकांनी!" एमिलिया हसली. तिचे हसणे मला कळते, पोट हलते. त्या दिवशी ते हलले तेव्हा मी बरीचशी मेले होते.

दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा ऋता डॉक्टरांनी आधी माझे वरचे टोक हातात घेतले. मग म्हणाल्या, "जिथपर्यंत जिवंत आहे तिथपर्यंत ठेवू." त्या हात लावून लावून मला तपासत गेल्या. काळे, काळे, काळे. मी त्यांच्या बोटांना सांगत होते की हा तुकडा कैऱ्यांचा आहे, हा मिलोचा, हा नेल्सनच्या वेळच्या डोहाळ्यांचा. त्यांना ते ऐकू जाणे शक्य नव्हते. त्यांनी हलक्या हाताने मला कापले. वरचा हातभर तुकडा ठेवला. शेवटचे टोक, जिथे माझा लाडका राहत होता, ते बादलीत गेले.

एमिलिया जगली. लोक म्हणाले, देवाची कृपा. पण मित्रांनो, हातभर आतडीवर माणूस जेवू शकत नाही. खाल्लेले तसेच्या तसे वाहून जाते. तिच्या छातीपाशी शिरेत एक नळी बसवली आणि दुधासारख्या पांढऱ्या पिशवीतून तिला जेवण जाऊ लागले. त्या जेवणाला वास नाही, चव नाही, आणि ते माझ्याकडे येतही नाही. माझ्या डोक्यावरून रक्तात जाते.

ॲश्ली माहेरी आली तेव्हा डबा भरून फुगे घेऊन आली. एमिलियाने एक हातात घेतला, दाबून पाहिला, वास घेतला. "पीठ कुणी मळलं?"

"मम्मीने."

"मीठ कमी हाय," असे म्हणून तिने तो परत डब्यात ठेवला. जेनेव्हिव्ह दाराशीच उभी होती. ती आत आली नाही.

पुढे ऋता डॉक्टरांनी नेल्सनला सांगितले की आतड्याच्या शेवटच्या भागात 'अस्तर वाढव' असा निरोप तयार होतो, त्या निरोपाची नक्कल करून बनवलेले एक इंजेक्शन आहे. पुष्कळ खटपटीनंतर ते मिळाले. ते अंगात गेले त्या दिवशी मी दचकले. 'विण,' कुणीतरी म्हणत होते. आवाज अगदी माझ्या लाडक्यासारखा. मी विणायला बसले. जीव तोडून विणले. हातभर जागेत लव दाट झाली. पण हातभर ती हातभरच. मग नळीला जंतूंची लागण झाली, काविळीसारखे डोळे पिवळे झाले, आणि डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले. तो आवाजही गेला.

आता कुणाचे काय झाले ते सांगते.

ॲश्ली नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिला तिथे मुलगी झाली. ती फोन करते, पण आपण काय जेवलो ते कधी बोलत नाही. जेनेव्हिव्हने पोटे चोळणे सोडले. कुणी कळवळत आले तर दारातूनच म्हणते, "मना काय कळत नाय, हॉस्पिटलला जा." ती रोज येऊन एमिलियाची वेणी घालते. फेकलेल्या पिठाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. मला वाटते, आता बोलणारही नाहीत. धोंडू पाऊस सरता सरता झोपेत गेला. सुगंधाला कुणी कितीही समजावले तरी ती एकच म्हणते, "मी शपथ मोडलंय." त्या शपथ मोडण्यानेच एमिलियाचा जीव राहिला, हे तिला पटत नाही. ती गावी निघून गेली आहे आणि तिचा फोन बहुतेक लागत नाही. नेल्सनने बढती नाकारून दिवसाची पाळी मागून घेतली. संध्याकाळी हात धुऊन, तोंडाला फडके बांधून तो पिशवी जोडतो. त्याचे हात आता नर्ससारखे चालतात. ऋता डॉक्टर मुलुंडच्या एका रुग्णालयात गेल्या. तिथेही त्या नातेवाइकांना नळाची गोष्ट सांगत असतील, आणि नातेवाईक 'रक्त सुरू झाले' एवढेच ऐकून घरी फोन लावत असतील. त्यांना तरी काय दोष द्यायचा?

एमिलिया दिवसेंदिवस हलकी होत चालली आहे. डॉक्टर नवी तारीख देतात, पण बरे होण्याबद्दल बोलत नाहीत. गावठाणातल्या लग्नांचा स्वयंपाक आता बाहेरून गाडीतून येतो.

मित्रांनो, मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. माझे जे व्हायचे ते झाले. पण तुमच्या घरी कुणी रोजची गोळी घेत असेल तर ती न विचारता थांबवू देऊ नका, मग कारण कितीही साधे असो, लग्नाचे असो की लाजेचे. तुमच्यापाशी कुणी अशी गोष्ट शपथ घालून ठेवली, तर वेळ असतानाच सांगून टाका. पोट असह्य दुखत असेल तर ते मऊ लागते म्हणून चोळत बसू नका. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला हात लावू नको असे म्हणू नका.

रोज दुपारी शेजारच्या घरात कांदा परततात. वास खिडकीतून आत येतो आणि एमिलिया भिंतीकडे तोंड करते. पण मला सवय आहे. माझे उरलेले निरोप्ये लगबगीने निघतात, जेवण येते आहे, तयार राहा, असे सांगत. पुढे तयार राहायला आता कुणी नाही. मी त्यांना तसे सांगितले आहे. ते ऐकत नाहीत. रोज निघतात.